सत्तावीसच्या जागी पन्नास

माझ्या वडिलांना मी नऊ वर्षं मामा म्हणत होते. घरी बाबा, आणि सकाळी साडेसातपासून चारपर्यंत मामा. परळच्या एका कॉलेजात ते रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते आणि मी त्याच प्रयोगशाळेत अकरावी-बारावीला शिकवायला लागले. आमच्याकडे कॉलेजातल्या परिचराला, शिपायाला सगळे मामाच म्हणतात. मुलं म्हणतात, शिक्षक म्हणतात, प्राचार्यही म्हणतात. पहिल्या दिवशी मी लॅबच्या दारात घुटमळत होते, आता यांना हाक काय मारायची म्हणून. त्यांनीच प्रश्न सोडवला. हातातलं फडकं खांद्यावर टाकत ते म्हणाले, "या मॅडम."

मला राग आला होता. माझा राग तसा नाकावरच असतो. संध्याकाळी घरी आल्यावर मी त्यांना म्हटलं की हे नाटक मला जमणार नाही. ते कांदा चिरत होते. मान वर न करता म्हणाले की लॅबमध्ये बाबा म्हटलंस तर पोरं तुझं ऐकणार नाहीत आणि माझंही. त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. पण दुसऱ्या दिवसापासून मी मामा म्हणायला लागले, आणि महिन्याभरात मला त्यात गंमत वाटायला लागली. मुलांना तर वर्षभर पत्ताच नव्हता. एकदा एका मुलीने मला येऊन सांगितलं की मॅडम, मामा तुमच्या डब्यातली भाजी खात होते. मी तिला गंभीर चेहऱ्याने म्हटलं, बघते हं मी त्यांच्याकडे.

लग्न मी केलं नाही. त्याची कथा वेगळी आहे आणि कंटाळवाणी आहे. आई मी बी.एस्सी.ला असताना गेली. लालबागच्या आमच्या दोन खोल्यांत आम्ही दोघंच राहायचो. आजोबा कोकणातून येऊन गिरणीला लागले होते, बाबा दहावी होऊन लॅबला लागले. घरात आम्ही मालवणी आणि मराठी असं मिसळून बोलायचो, आणि तिसरी भाषा होती ती मिलीलिटरची.

बाबांना रसायनशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. ते लॅबच्या मागच्या भिंतीशी उभे राहून तीस वर्षं ऐकत होते. मी सहावी-सातवीत असताना त्यांनी मला घनता शिकवली, तीही पुस्तकाशिवाय. औषधाच्या दोन सारख्या बाटल्या घेतल्या. एकीत गळ्यापर्यंत खोबरेल तेल भरलं, दुसरीत गळ्यापर्यंत काकवी. मला डोळे मिटायला लावले आणि दोन्ही बाटल्या माझ्या दोन हातांत दिल्या. जड कुठली, ते विचारलं. मी लगेच सांगितलं. मग म्हणाले, बाटल्या सारख्या, भरल्यात सारख्या, मग एक जड कशी? मी बाटल्या पुन्हा वरखाली करून बघितल्या. ते म्हणाले, डोळ्यांना जे सारखं दिसतं ते हाताला सारखं लागत नाही, ते जे काय मधलं आहे ना, ती घनता. एवढं सोपं मला पुढे एम.एस्सी.पर्यंत कुणी सांगितलं नाही.

लॅबमध्ये त्यांचा हातखंडा होता द्रावणं तयार करण्यात. तीव्र सल्फ्युरिक आम्ल तराजूवर कुणी वजन करून घेत नाही. एक थेंब सांडला तर तराजूचं पारडं खातं आणि हातावर पडलं तर हात. म्हणून गणित करायचं ग्रॅममध्ये आणि घ्यायचं मात्र मापाने. मुलांच्या टायट्रेशनसाठी, म्हणजे आम्ल अल्कलीत थेंबथेंब सोडून मोजायच्या प्रयोगासाठी, दहा लिटर पातळ आम्ल लागायचं, ०.१ नॉर्मल तीव्रतेचं. त्याला आम्ल लागतं पन्नास ग्रॅम. बाटलीवर घनता छापलेली असते, १.८४, म्हणजे एक मिलीलिटर आम्ल जवळजवळ दोन ग्रॅम भरतं. पन्नासला तिने भागायचं, सत्तावीस मिली येतं, तेवढं मोजपात्रात घेऊन सावकाश पाण्यात सोडायचं. पाण्याची घनता एक असते, त्यामुळे पाण्याचे ग्रॅम आणि मिली एकच. नवशिक्यांची सगळी फसगत तिथेच होते. जन्मभर पाणी मोजलेलं असतं, ते आम्लालाही पाण्याच्याच हिशेबाने घेतात आणि सत्तावीसच्या जागी पन्नास ओततात. दरवर्षी एखादा तरी नवीन शिक्षक हे करायचाच. बाबा त्याला वरमायला न लावता हळूच विचारायचे, "सर, भागलंत ना?"

त्यांच्या दोन सवयी सांगायला हव्यात, कारण पुढचं सगळं त्या सवयींवर उभं आहे.

पहिली सवय पट्टीची. मोठ्या बाटलीतलं आम्ल ते अर्ध्या लिटरच्या काचेच्या बुचाच्या बाटलीत काढून ठेवायचे आणि त्या बाटलीला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवायचे. पट्टीवर दर दहा मिलीला पेन्सिलीची बारीक रेघ, त्यांनी स्वतः पाणी भरभरून आखलेली. आम्ल काढलं की उरलेल्या पातळीशी तारीख टाकायचे. कुणी परस्पर आम्ल घेतलं तर त्यांना पट्टी बघून कळायचं.

दुसरी सवय लेबलची. मी नोकरीला लागले त्याच महिन्यात मी अल्कली तयार केली आणि ती ०.१ यायच्याऐवजी ०.०९४ आली. मी ती सिंकमध्ये ओतायला निघाले. बाबांनी माझ्या हातातली बरणी काढून घेतली. आजूबाजूला मुलं होती म्हणून मॅडम म्हणूनच बोलले.

"फेकू नका मॅडम. काय आलंय ते लेबलवर लिहा. ०.०९४ लिहा. चुकलेल्या द्रावणाने काम होतं, खोट्या लेबलाने नाही होत."

त्या लॅबमध्ये मग हाच नियम झाला. चुकलं तर लपवायचं नाही, ओतायचं नाही, लेबल बदलायचं.

बाबांच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं तेव्हाची गोष्ट. अकरावीची प्रॅक्टिकल परीक्षा दुसऱ्या दिवशी होती. बाबांनी आदल्या दिवशी सकाळीच दहा लिटर आम्ल करून मोठ्या बरणीत भरून ठेवलं होतं, लेबल लावून, ०.१ नॉर्मल. दुपारी ते खाली ऑफिसात उत्तरपत्रिका आणायला गेले. मी रिकामी होते म्हणून द्रावणाचं एक वाचन घेऊन बघावं म्हटलं. त्यांचं द्रावण तपासायची मला खरं तर गरज नव्हती. कधी तपासत नसू.

दहा मिली अल्कली फ्लास्कमध्ये घेऊन रंगसूचक घातलं, ब्युरेटच्या खुणांच्या नळीत बाबांचं आम्ल. दहा मिलीच्या आसपास आम्ल पडलं की अल्कलीचा गुलाबी रंग जायला हवा होता. तो साडेपाचलाच गेला. मला वाटलं माझाच हात घसरला. पुन्हा घेतलं. पाच पॉइंट चार. तिसऱ्यांदा घेतलं, पाच पॉइंट चार. मग वाटलं माझी अल्कलीच बिघडली असेल, म्हणून ती वेगळी तपासली. ती अगदी बरोबर होती.

मग मी तो आकडा कागदावर लिहिला आणि त्याच्याकडे बघत बसले. दहाला १.८४ ने भागलं की पाच पॉइंट चार येतात. आम्ल जवळजवळ दुप्पट तीव्र झालं होतं, आणि कुठली चूक झाली हे आकडाच सांगत होता. बाबांनी भागलं नव्हतं. सत्तावीसच्या जागी त्यांनी पन्नास घेतलं होतं, नवशिक्यासारखं, पाणी समजून.

चूक कुणाचीही होते, मीही शंभर केल्यात. पण ही चूक बाबांकडून होणं म्हणजे सुतार हातोडा कसा धरायचा ते विसरण्यासारखं होतं. आणि मला एकदम मागच्या दोन-तीन महिन्यांतलं एकेक आठवायला लागलं. चहात दोनदा साखर घातलेली. शेजाऱ्यांच्या दाराला आमची किल्ली लावून बघत उभे राहिलेले. मी ते हसण्यावारी नेलं होतं. वय झालं की होतं, म्हटलं होतं.

त्यांना यायला अजून वीस मिनिटं असतील. मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही माहीत होतं. त्यांची वाट बघायची, वाचन दाखवायचं आणि म्हणायचं, मामा, हे ०.१८४ आलंय, लेबल बदलू या की पाणी वाढवू या? त्यांनी कपाळावर हात मारला असता. कदाचित घाबरले असते. पण ते दोघांनी मिळून केलं असतं.

मी ते केलं नाही. नळ मोठा सोडला, बरणीतलं साडेचार लिटरच्या वर आम्ल सिंकमध्ये ओतून टाकलं, आणि डिस्टिल्ड वॉटर घालून बरणी पुन्हा दहा लिटरच्या खुणेपर्यंत भरली. ढवळलं, वाचन घेतलं, नऊ पॉइंट नऊ आलं. फ्लास्क धुऊन पालथे घातले. लेबलला हातसुद्धा लावावा लागला नाही, ते आता खरं झालं होतं. बाबा उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले तेव्हा मी खिडकीशी उभी राहून मोबाईल बघत होते. त्यांना दम लागला होता. मी म्हटलं, मामा, बसा जरा.

परीक्षा छान झाली. मुलांची वाचनं दहाच्या मागेपुढे आली. परीक्षेला बोलावलेल्या दुसऱ्या कॉलेजच्या शिक्षकांनी बाबांना बोलावून सांगितलं की द्रावण एकदम चोख आहे. बाबा लाजले. मी दुसरीकडे बघत होते.

दोन दिवसांनी आम्ही चालत घरी निघालो होतो. परळहून लालबागला आम्ही चालतच जायचो. सकाळी ते तासभर आधी निघायचे, संध्याकाळी मात्र बरोबर. मसाल्याच्या दुकानांपाशी आलो, तिथे मिरचीच्या खकाण्याने मी नेहमी शिंकते आणि ते नेहमी हसतात. त्या दिवशी हसले नाहीत. थांबून म्हणाले, "बाय, अकरावीचं ॲसिड तू तपासलं होतंस?"

मी म्हटलं, हो.

"किती आलं?"

"दहा."

"बाटलीची पट्टी पन्नास दाखवता," ते म्हणाले. "मी सत्तावीस घेतलं असणार. पण पट्टी पन्नास दाखवता. माका खरा सांग."

त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. घाबरलेला नव्हता. त्यांना फक्त वाचन हवं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांना जे ते देत आले, ते मागत होते. आणि मला त्यांची दया आली. हे मी लिहिते आहे कारण ते लिहायलाच हवं. मला दया आली, आणि दया आल्यामुळे मी त्यांच्याशी खोटं बोलले.

"दहाच आलं बाबा," मी म्हटलं. "मुलांचंही दहाच आलं ना? पन्नास घेतलं असतं तर कसं आलं असतं?"

ते थोडा वेळ गणित करत उभे राहिले. मग मान हलवली. "मग पट्टीच चुकली माझी," म्हणाले, आणि चालायला लागले.

मला वाटलं सुटले. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये गेले तर ते ब्लेडने बाटलीवरची पट्टी खरवडत होते. नवी लावली नाही. पट्टी बरोबर होती. त्यांची नजर बरोबर होती, तारीख बरोबर होती, शंकासुद्धा बरोबर होती. एवढी एकच गोष्ट त्यांच्या बाजूने उभी होती आणि तिला खोटं पाडलं मी. बाटली आणि मुलगी यांच्यात त्यांनी मुलीवर विश्वास ठेवला. त्यानंतर ते प्रत्येक माप मला दाखवायला लागले. मॅडम, हे सत्तावीस आहे ना? मॅडम, जरा बघता? पुढे पुढे त्यांनी द्रावणं करणंच सोडलं. निवृत्त होईपर्यंत दीड वर्ष ते काचसामान धूत होते. त्यांच्याइतके स्वच्छ पिपेट त्या लॅबमध्ये पुन्हा कुणी धुतले नाहीत. मी त्याचं कौतुक करायचे. माझ्या तोंडाला लाज नव्हती.

निवृत्तीनंतर वर्षभराने ते भाजी आणायला गेले आणि गिरगावात सापडले. तेव्हा कुठे मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं की पहिल्यांदा तुमच्या कधी लक्षात आलं? बाबा शेजारी बसून टेबलावरच्या पेपरवेटमधली फुलं बघत होते. मी म्हटलं, आत्ता आत्ता. घरी आल्यावर मला स्वतःची किळस आली. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा मी खरं सांगितलं, अडीच वर्षं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की हा आजार बरा होत नाही, पण सुरुवातीलाच तुम्ही आला असतात तर काही वेळ हातात मिळाला असता, त्यांना स्वतःला समजून घ्यायला, तुमच्याशी बोलून ठेवायला. औषध लिहून दिलं. त्या कागदावरचे मिलीग्रॅम मी दहा वेळा वाचले.

आता चार वर्षं झाली. बाबा सकाळी आंघोळ करून खुर्चीत बसतात. दिवसा एक मावशी असतात, मी साडेचार-पाचला येते. मी कोण ते त्यांना आताशा कळत नाही. पण मी घरात शिरले की ते खुर्चीतून उठायला बघतात आणि म्हणतात, "या मॅडम." माझ्यातली मुलगी त्यांच्यासाठी गेली, मॅडम राहिली. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मी मोरीत जाऊन नळ सोडून रडले. नंतर मी उत्तर द्यायला शिकले. मी म्हणते, बसा मामा.

घनता मात्र गेलेली नाही. कशी ते मला कुणी समजावून सांगू नका, मी वाचलंय सगळं. जेवले की नाही ते त्यांना आठवत नाही, पण दहा लिटरला किती विचारलं की म्हणतात, पन्नास ग्रॅम, भागिले एक पॉइंट चौऱ्याऐंशी, सत्तावीस. कधीही विचारा, सत्तावीस. त्या एका दिवशी जे निसटलं ते आता असं घट्ट बसलंय.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी माळ्यावरून औषधाच्या दोन बाटल्या काढल्या. एकीत खोबरेल भरलं, दुसरीत काकवी. बाबांना डोळे मिटायला सांगितलं आणि बाटल्या हातांत दिल्या. त्यांनी त्या थोडा वेळ वरखाली केल्या. मग उजवी उचलून म्हणाले, ही जड. डोळे उघडून माझ्याकडे बघून हसले. किती तरी दिवसांनी ते असे पूर्ण जागे वाटत होते. मला वाटलं आता बोलावं. आता नाही तर कधीच नाही. मी त्यांच्या समोर स्टूल ओढून बसले.

"मामा," मी म्हटलं, "अकरावीच्या परीक्षेचं ॲसिड आठवतं? तुम्ही विचारलं होतंत, पट्टी पन्नास का दाखवते?"

ते लक्ष देऊन ऐकत होते. काय आठवत होतं देव जाणे.

"पन्नासच घेतलं गेलं होतं तुमच्याकडून. पट्टी बरोबर होती. वाचन पाच पॉइंट चार आलं होतं. मी अर्धं ओतून टाकलं, पाणी घातलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. तुमची पट्टी बरोबर होती, मामा."

बाबांनी दोन्ही बाटल्या सांभाळून खाली ठेवल्या. कपाळाला आठ्या घातल्या, मनातल्या मनात भागाकार केला असावा, कारण ओठ हलत होते. मग त्यांनी मान हलवली, कुणाला समजावतात तशी, हळू.

"नाही हो मॅडम," ते म्हणाले. "तसं झालं नसणार. आमची मुलगी तिथेच शिकवते. तिने तपासलं होतं. तसं काही असतं तर तिने मला सांगितलं असतं."

त्यांना वाटलं मला पटलं नाही, म्हणून ते पुढे वाकले आणि माझ्या हातावर हात ठेवून म्हणाले, "ती लेबल खोटं लावत नाही."

मग त्यांनी चहा मागितला. मी उठले आणि दूध तापत ठेवलं.